खिळ्याच्या जागी फ्यूज

आमच्या घरच्या जुन्या मोटारीत फ्यूजच्या जागी लोखंडी खिळा बसवलेला आहे, हे मला लग्नानंतर अठरा वर्षांनी कळलं. या अठराही वर्षांत मी वाशिमच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवत होते. वायरीला झेपते त्याहून जास्त वीज वाहू लागली की फ्यूज स्वतः वितळतो आणि वायर वाचवतो, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणतीच नाही. पण घरच्या मोटारीचं बॉनेट उघडून पाहायची वेळ कधी आली नव्हती, कारण त्या मोटारीला हात लावायची सुनांना मुभा नव्हती. सुनेनं तिच्यात आयुष्यात एकदाच बसायचं, लग्न होऊन सासरी येताना. तेव्हा माझं लक्ष वायरिंगकडे नव्हतं.

सासर अनसिंगजवळच्या एका खेड्यात. मोटार सासऱ्यांच्या वडिलांनी घेतलेली. काळी, गोल पाठीची, दोन्ही अंगांना पाय ठेवायला लांब फळ्या असलेली. घरात रोजच्या वापराला नवी गाडी आहे, पण सासरे, म्हणजे आमचे मामाजी, तिला ‘ते डबं’ म्हणतात. ‘गाडी’ हा शब्द फक्त जुनीसाठी. गावातला नवरदेव निघाला की गाडी, कोणाचा सत्कार असला की गाडी, आणि दसऱ्याला झेंडूची सर्वांत मोठी माळ गाडीला, देवाला उरेल ती. गाडी मूळ रूपातच राहिली पाहिजे, हा मामाजींचा नेम. शिटाचं कापड विरलं तरी बदलायचं नाही, रंगाची छटा इकडची तिकडे होऊ द्यायची नाही. हा नेम बाहेरून दिसणाऱ्या भागापुरता होता, हे पुढे कळलं.

गाडी चालवायला आमच्या शेतावरचा ट्रॅक्टर चालवणारा माणूस असे. तो मानोऱ्याकडच्या एका तांड्यातला. दिवाळी झाली की तो उसाच्या पट्ट्यात जातो, तिथे ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतो, आणि होळी उलटल्यावर परततो. उरलेले महिने आमच्याकडे. असं बारा वर्षं चाललेलं. कमी बोलणारा, पन्नाशीला टेकलेला माणूस.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी अनसिंगला एका पुढाऱ्याचा सत्कार ठरला. सत्कार कशाबद्दल होता हे शेवटपर्यंत कोणाला नीट सांगता आलं नाही, पण मिरवणूक मोठी होती. आमच्या शाळेला मुलींचं लेझीम पथक पाठवण्याची विनंती आली. विनंती अशी होती की नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणून मी पथक घेऊन चौकात उभी होते आणि गाडी समोरून येत होती. कार्यकर्त्यांनी तिला दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. टपावर दोन भोंगे, मागच्या शिटावर त्यांची जडशी पेटी, आणि पुढाऱ्याच्या नावाची लाल अक्षरं उघडझाप करणारी एक पाटी. या सगळ्याला वीज कुठून घेतली, असं मी नंतर त्यातल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, जिथं जमलं तिथून.

चौकात आल्यावर डॅशबोर्डाखालून धूर निघू लागला. आधी बारीक, मग भसाभस. हल्ली लग्नात नवरीच्या पायाशी धुराचं यंत्र लावतात, त्यामुळे लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या. पुढारी खूश होऊन बाजूच्या फळीवर उभा राहिला आणि खोकत खोकत हात जोडू लागला. एक फोटोवाला पुढे धावत आला आणि अजून थोडा सोडा म्हणून हातानं खुणावू लागला. एवढ्या गर्दीत एकट्या आमच्या ड्रायव्हरला कळलं होतं की गाडी पेटते आहे. त्यानं गाडी थांबवली, उतरून बॉनेट उघडलं आणि बॅटरीची तापलेली तार उघड्या हातानं ओढून काढली. धूर थांबला. त्याबरोबर भोंगेही थांबले, आणि तेव्हा कुठे लोक चिडले. घोषणा मधेच बंद पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत पुढाऱ्याचं ‘धुक्याच्या लोटातून आगमन’ झालं होतं.

त्या गोंधळात मी पहिल्यांदा बॉनेटखाली डोकावले. एका बाजूला काळी, काडेपेटीएवढी डबी होती. तिच्यात फ्यूजच्या दोन खाचा. एकीत सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला जळका फ्यूज. दुसरीत खिळा. ड्रायव्हर तळहाताला दुपट्टा गुंडाळत होता. हा खिळा कोणी लावला, असं मी विचारलं.

“माह्या आधीचा हाये, मॅडम,” तो म्हणाला. “मालकाले म्या दोनदा सांगतलं. ते म्हणतात, वीस वर्सांत एकडाव बी उडला नाई.”

खिळा उडत नाही, हे खरंच होतं.

गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली. चुलत सासऱ्यांचं मत पडलं की गाडीला नजर लागली. एवढी माणसं एकदम पाहत होती, लागणारच. त्यांनी लगेच लिंबू-मिरची मागवून पुढच्या बंपरला बांधली. मामाजींचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते दोष कार्यकर्त्यांच्या पेटीचा होता, गाडीचा नव्हता. खिळ्याची हकिगत त्यांनीच सांगितली. फार वर्षांपूर्वी एका वरातीत फ्यूज उडाला आणि हॉर्न बंद पडला. नवरीकडच्या एका म्हाताऱ्यानं चारचौघांत विचारलं, की गाडी मुकी आहे का. तो शब्द मामाजींना लागला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वायरिंगवाल्याला बोलावून सांगितलं, पुन्हा उडता कामा नये. त्यानं खिशातून खिळा काढला आणि काम कायमचं करून दिलं.

मी म्हटलं की गाडीचं वायरिंग मी नीट फ्यूज लावून करून देते. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दारात तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

मामाजी शांतपणे म्हणाले, “सूनबाई, फ्यूज म्हणजे कमजोर जागा. तूच मले सांगतलं व्हतं एकडाव. मंग मजबूत गाडीले कमजोरी कायले लावा लागते?”

“कारण काहीतरी जळणारच असेल तर ते आपण ठरवू तिथे जळावं, मामाजी. खिळा उडाला नाही म्हणून सगळी वायर जळाली.”

“म्हंजे नुकसान ठरवून करून घ्याचं.”

“हो. लहानसं.”

शेवटी त्यांनी परवानगी दिली, पण अटी घालून. नवं काही बाहेरून दिसता कामा नये. गाडीला एकही भोक पडता कामा नये. आणि काम ड्रायव्हरनं केलं असंच गावात सांगायचं. सुनेनं गाडी उघडली हे लोकांत गेलं तर बरं दिसणार नाही. गाडी पेटली हे लोकांत गेलेलं होतंच, त्याचं त्यांना विशेष वाटत नव्हतं.

दिवाळीच्या सुटीत आम्ही काम काढलं. ड्रायव्हरला ऊसपट्ट्यात जायला दोन आठवडे उरले होते. त्याचा तळहात अजून पुरता भरला नव्हता, म्हणून पक्कड मी धरायची आणि कुठली वायर कुठे जाते हे त्यानं सांगायचं. मामाजी खुर्ची टाकून समोर बसत. रस्त्यानं कोणी आलं की ते खाकरत, मी पक्कड ड्रायव्हरच्या हातात देऊन उभी राही, आणि माणूस पुढे गेला की पुन्हा खाली बसे. बंपरावरचं लिंबू आम्ही वाळेपर्यंत तसंच ठेवलं, ते काढायची परवानगी मागण्याएवढं धैर्य माझ्यात उरलं नव्हतं.

वायरींवर रबर आणि वरून सुती वीण होती. हात लावला की वीण गळून पडे आणि आतलं रबर बिस्किटासारखं तुटे. मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या वायरींत उंदरांनी घर केलं होतं. जळालेल्या वायरीला चिकटून तिच्याच जोडीच्या आणखी चार खराब झाल्या होत्या, खिळ्यानं एकीला वाचवलं नाही आणि शेजारणींनाही नाही. त्यातून हेडलाइटला मुळात फ्यूजच नव्हता. ही गाडी बनवणाऱ्यांनी सगळ्या गाडीला मिळून दोनच फ्यूज दिले होते. मामाजी म्हणाले, त्या काळची माणसं समजदार होती.

मी वहीत आकृती काढली. बॅटरीपासून वीतभरावर एक मोठा फ्यूज, कारण फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कोणी वाली नसतो, तो जितका आखूड तितका बरा. मग हॉर्न, डावा दिवा, उजवा दिवा, मागचे दिवे, वायपर, प्रत्येकाला आपापला. एक उडाला तर बाकीचं घर चालू राहावं.

फ्यूज आणायला वाशिमला एका दुकानात गेले. दुकानदारानं गाडी कोणती ते विचारलं. मी सांगितल्यावर तो हसला आणि माझ्यामागे कोणी गडीमाणूस उभा आहे का ते पाहिलं. मी पाच, दहा आणि पंधरा अँपिअरचे मागितले.

“मोठा घेऊन जा, मॅडम,” तो म्हणाला. “लहान सारखा उडन. हा चाळीसचा नेला तं कधी कम्प्लेंट नाई येत.”

मी म्हटलं, माझ्या वायरी चाळीसच्या नाहीत. तो म्हणाला, वायरीला कोण विचारते. आमच्या जिल्ह्यात फ्यूजविषयी जे काही मत आहे ते सगळं त्या एका वाक्यात आलं. वायरीची जाडी पाहून फ्यूज ठरवायचा असतो, हे मी त्याला समजावू लागले, तर त्यानं माझे फ्यूज पुडीत बांधून वर चाळीसचे दोन फुकट टाकले. लागतीलच, म्हणाला.

चूक माझीही झाली. हॉर्नचा हिशेब मी पुस्तकातल्या सूत्रानं केला आणि पाचाचा फ्यूज लावला. बटण दाबताच उडाला. मामाजी खुर्चीतून उठून उभे राहिले, त्यांच्या चेहऱ्यावर खिळा स्पष्ट दिसत होता. मी खरंच खजील झाले. ड्रायव्हर मान खाली घालून हसला.

“मॅडम, हॉर्न वाजाले लागते तवा एकदम ओढते,” तो म्हणाला. “आमच्या ट्रॅक्टरचं तसंच हाये. तिथं पंधराचा टाका. वायर तेवढी जाड हाये.”

पंधराचा टाकला. हॉर्न असा वाजला की चुलत सासरे आपल्या घरातून बाहेर आले. अठरा वर्षं शिकवलेल्या धड्यात हॉर्न सुरुवातीला किती ओढतो हे कुठेच नव्हतं. उसाच्या ट्रॅक्टरवर, जिथे दिवा बंद पडला तर मागचा ट्रक अंगावर येतो, तिथे तो हे शिकला होता.

नवी पेटी आम्ही डॅशबोर्डाच्या कप्प्यात, जुन्याच स्क्रूंच्या भोकांवर बसवली. प्रत्येक फ्यूजखाली मी चिठ्ठी चिकटवली. जुनी काळी डबी बॉनेटखाली जागच्या जागी राहिली, आतून रिकामी. येणाऱ्याजाणाऱ्याला मामाजी तीच उघडून दाखवत आणि सांगत, सगळं मूळचं आहे. दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हर बायकोला घेऊन ऊसपट्ट्यात गेला.

डिसेंबरात माझ्या पुतण्याचं लग्न लागलं. वरातीत गाडी चुलत दिरानं चालवली. नवरदेवाच्या मित्रांनी फुलांच्या खाली दिव्यांच्या माळा दडवल्या होत्या आणि त्यांची तार कोणालाही न विचारता हॉर्नच्या वायरीला सोलून जोडली होती. मांडवापासून शंभर पावलांवर फ्यूज उडाला. माळा विझल्या, हॉर्न बंद पडला. बाकी सगळं चालू होतं, इंजिन, दिवे, सगळं. धुराचा वासही नाही. मी बायकांच्या घोळक्यात होते आणि मला एवढा आनंद झाला की तो लपवायला पदर तोंडाशी धरावा लागला.

मामाजी मात्र काळेनिळे झाले. नवरीकडचे लोक पाहत होते. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “तुह्या फ्यूजनं भर वरातीत इज्जत घेतली, सूनबाई.”

तेवढ्यात चुलत सासरे कुठूनसा खिळा घेऊन आले. लग्नाच्या मांडवात खिळ्यांना काय तोटा. त्यांनी कप्पा उघडला, आतली नवी पेटी पाहून क्षणभर गोंधळले, आणि मग खिळा कुठे बसेल ते चाचपू लागले. मी पुढे झाले आणि कप्प्यावर हात ठेवला. अंगावर पैठणी, मागे बँड, पुढे घोड्यासारखा अस्वस्थ झालेला नवरदेव. मी त्यांना म्हटलं की खिळा बसवायचा असेल तर आधी नवरदेवाला खाली उतरवा, मग बसवा.

नवरदेवानं ते ऐकलं आणि तो स्वतःच उतरला. त्याला अनसिंगचा धूर आठवत असावा. आता त्याला उभं ठेवून कोणाला वाद घालता येईना. मी फुलं बाजूला करून सोललेली तार शोधली, माळा काढून टाकल्या, उघड्या जागेवर टेप गुंडाळला आणि पर्समधला पंधराचा फ्यूज बसवला. दहा मिनिटं लागली असतील. हॉर्न वाजला. बँडवाल्यांनी लगेच सुरुवात केली. माझी एक जाऊ तेवढी म्हणाली की पैठणीला काळं लागलं.

मांडवात पोहोचल्यावर मी मामाजींचा आवाज ऐकला. ते नवरीच्या आजोबांना सांगत होते, “आमी सर्वे दिव्याले वेगवेगळे फ्यूज लावून घेतले. खिळा-बिळा लावते लोकं, ते चुकीचं हाये. गाडी जयते.” आजोबा मान हलवत होते. मग मामाजींनी त्यांना हॉर्नला पंधराचाच फ्यूज का लागतो तेही समजावलं, आणि बरोबर समजावलं. त्या दिवसापासून ते जिल्ह्यातले फ्यूजचे जाणकार झाले. जुन्या मोटारी असलेले दोन गृहस्थ पुढे त्यांचा सल्ला घ्यायला घरी येऊन गेले. मी चहा नेऊन दिला.

होळी उलटल्यावर ड्रायव्हर परत आला. एका सकाळी तो ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, लेकीचं लग्न ठरलं आहे. तांड्यावरून तिला सासरी पाठवायला गाडी मिळाली तर बरं होईल.

मामाजींनी रस्ता खराब असल्याचं सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, सडक झाली आता. मामाजी म्हणाले की नव्या वायरी आहेत, हिसके बसले तर सैल पडतील. त्या वायरी कोणी बसवल्या हे त्यांच्या बोलण्यात आलं नाही. शेवटी ते म्हणाले, गाडी आजवर तिकडे गेली नाही. हे मात्र खरं होतं. ज्याच्या सत्कारात ती जळाली त्या पुढाऱ्याकडे ती गेली होती, तांड्यावर गेली नव्हती. ड्रायव्हर बरं म्हणून कामाला निघून गेला. मला त्याच्या त्या ‘बरं’चीच लाज वाटली.

दुपारी जेवताना मी मामाजींना म्हटलं, “अनसिंगला त्यांनी तार ओढली नसती तर आज पाठवायला गाडीच नसती.”

आत्याबाई वाढत होत्या. त्या सहसा या विषयात पडत नाहीत. त्या म्हणाल्या, “हात त्याचा भाजला व्हता. आपला नाई.”

तिसऱ्या दिवशी मामाजींनी ड्रायव्हरला बोलावून विचारलं की लग्न किती वाजता आहे, आणि सांगितलं की गाडी येईल, पण मीही येईन. गाडी एकटी सोडता येणार नाही, असं कारण त्यांनी दिलं. मलाही चल म्हणाले. फ्यूजची पुडी बरोबर घे, म्हणाले. अशा रीतीनं मी त्या गाडीत दुसऱ्यांदा बसले.

तांड्यावर दोन घटका आम्हांला बसवून ठेवलं. मामाजींना खाटेवर नवी सतरंजी टाकून दिली. लेक निघायची वेळ झाली तशा बाया तिच्या गळ्यात पडून गाऊ लागल्या. त्यांच्या बोलीतलं ते गाणं मला नीट कळत नव्हतं, पण ते रडणंच होतं. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ समोर पाहत बसला होता. आपल्या लेकीला तो स्वतःच पोहोचवणार होता. गाणं थांबेना आणि त्याचा हात चावीकडे जाईना. मामाजी शेजारी बसले होते. त्यांनी हात लांब करून हॉर्न दाबला, एकदाच, थोडा वेळ. बाया बाजूला झाल्या. मग गाडी निघाली.

नवऱ्याचा तांडा पोहरादेवीच्या पलीकडे. लेकीला पोहोचवून आम्ही मागे फिरलो तेव्हा ऊन तापलं होतं. एकही फ्यूज उडाला नव्हता, पुडी माझ्या मांडीवर तशीच होती. मानोरा मागे पडल्यावर मामाजींनी विचारलं, जावई काय करतो. ड्रायव्हरनं सांगितलं. दुसरी पोरं काय करतात, ऊसपट्ट्यात राहायला काय असतं, पाणी कुठून आणता, हेही त्यांनी विचारलं. तो सांगत गेला. बारा वर्षांत त्याच्या घरचं काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रस्त्याच्या कडेला रसवंती दिसली तशी मामाजींनी गाडी थांबवायला लावली आणि तीन ग्लास सांगितले.

“मले नोको, मालक,” ड्रायव्हर म्हणाला. “चार-पाच महिने त्याचाच वास असते नाकात. पेववत नाई.”

मामाजींना हे माहीत नव्हतं. त्यांनी रसवंतीवाल्याला दोनच ग्लास काढायला सांगितले आणि समोरच्या टपरीवर स्वतः जाऊन त्याच्यासाठी चहा घेऊन आले.